मेंदू आणि नसांचे आजार ओळखायचे कसे? खान्देशातल्या घरांसाठी पायरीपायरीने माहिती

मेंदूचा किंवा नसांचा रुग्ण समोर आला की मुरलेला डॉक्टर हातोडी हातात घेण्याआधी एक प्रश्न विचारतो : हे कधी सुरू झालं आणि वाढायला किती वेळ लागला? अर्धं निदान या उत्तरात असतं. मिनिटांत आलेलं दुखणं बहुधा रक्तवाहिनीचं किंवा फिटचं असतं. दोन-चार दिवसांत वाढत गेलेलं असेल तर जंतुसंसर्ग किंवा नसांची सूज मनात येते. महिने-वर्षं घेत आलेलं असेल तर झीज, एखाद्या जीवनसत्त्वाची कमतरता, क्वचित गाठ. आणि येतं, जातं, पुन्हा येतं, असं असेल तर मिरगी किंवा अर्धशिशी.

हा प्रश्न घरातल्या माणसालाही विचारता येतो, आणि आपल्याकडे तो घरातच विचारला गेला पाहिजे. मेंदूविकारतज्ज्ञ बसतात जळगाव-धुळ्यासारख्या शहरांत. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून, साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातून किंवा चोपडा-यावलच्या सातपुड्याच्या पायथ्यापासून तिथवर पोचायला वेळ लागतो. आज रात्रीच निघायचं की पुढच्या आठवड्यात नंबर लावायचा, हे ओट्यावर बसूनच ठरवावं लागतं. ते ठरवता यावं म्हणून हा लेख आजारांच्या नावांऐवजी त्यांच्या वेगाप्रमाणे लावला आहे.

पहिली पायरी : मिनिटांत काही बिघडलं तर लकवा समजूनच चाला

लकवा म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा तुटणं. बहुतेक वेळा रक्ताची गुठळी वाहिनीत अडकते. उरलेल्यांमध्ये वाहिनी फुटून रक्तस्राव होतो. ठिबकच्या नळीत कचरा अडकला की पुढची केळी माना टाकते, तसा गुठळीपुढचा मेंदूचा भाग रक्तावाचून मरू लागतो. मोठी वाहिनी बंद पडली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी जातात, असा एक प्रसिद्ध हिशेब आहे.

ओळखायचं असं. माणसाला दात दाखवून हसायला सांगा. तोंड एका बाजूला ओढलं जातं का पाहा. डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगा. एक हात आपोआप खाली येतो का? मग रोजच्या बोलीतलं एखादं वाक्य म्हणायला सांगा. प्रमाण मराठीच कशाला, अहिराणी बोलणाऱ्या आजीला "माले आखाजीले माहेर जाणं शे" एवढं म्हणायला लावलं तरी पुरे. शब्द जड झाले, भलतेच आले किंवा आलेच नाहीत, तर चाचणी संपली. अचानक तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, एका बाजूचं दिसेनासं होणं हीसुद्धा लकव्याचीच लक्षणं असू शकतात. दुखत नाही म्हणून लोक थांबतात, आणि तिथेच घात होतो. लकवा सहसा दुखत नाही.

आता घड्याळ बघा. लक्षण कधी दिसलं याच्याइतकंच, माणूस शेवटचा ठणठणीत कधी होता हे महत्त्वाचं. पहाटे पाचला उठल्यावर हात लुळा दिसला, पण रात्री दहाला तो हसत-बोलत झोपला होता, तर डॉक्टर वेळ रात्री दहापासून मोजतात. ही वेळ कागदावर लिहा. रुग्णालयात पाच नातेवाईक पाच वेळा सांगतात आणि त्या गोंधळात इंजेक्शनची संधी जाते.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि त्या मुदतीतही जितकं लवकर तितकं चांगलं. मोठी वाहिनी बंद असेल तर नळी घालून गुठळी बाहेर काढता येते. निवडक रुग्णांत हे २४ तासांपर्यंतही करतात, पण ती सोय मोजक्या मोठ्या केंद्रांत असते. म्हणून पहिलं रुग्णालय असं हवं जिथे रात्रीसुद्धा सीटी स्कॅन होतो. स्कॅनशिवाय गुठळी आहे की रक्तस्राव, हे कुठलाही डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि दोन्हींचे उपचार एकमेकांच्या उलट आहेत. गुठळीच्या लकव्यात पहिल्या काही तासांत सीटी बऱ्याचदा नॉर्मल दिसतो. "स्कॅनमध्ये काहीच नाही, मग ॲडमिट कशाला?" असा वाद घालू नका. रक्तस्राव नाही हे त्यातून कळलं, आणि इंजेक्शनचा रस्ता मोकळा झाला.

१०८ ला फोन करा. गाडी लवकर मिळणार नसेल तर घरची किंवा शेजाऱ्याची जीप काढा. रुग्णाला कुशीवर ठेवा. पाणी, चहा, गोळी, काहीही तोंडात घालू नका. लकव्यात गिळण्याची ताकद गेलेली असू शकते आणि घोट थेट फुप्फुसात जातो. ॲस्पिरिनची गोळी हृदयविकारात देतात म्हणून इथेही देणं धोक्याचं, कारण रक्तस्राव असेल तर तो वाढतो. बीपी जास्त दिसलं म्हणून जिभेखाली गोळी ठेवून ते झपकन उतरवणंही तितकंच वाईट. मधुमेही माणूस असेल तर साखर मात्र मोजा. साखर ७० च्या खाली गेली की हुबेहूब लकव्यासारखं चित्र दिसू शकतं. पूर्ण शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल तरच साखर द्या, नाहीतर दवाखाना.

कधीकधी हात लुळा पडतो आणि अर्ध्या तासात आपोआप सुधारतो. घरचे सुटकेचा श्वास सोडतात. खरं तर तो इशारा असतो, आणि पुढच्या दोन दिवसांत मोठा लकवा येण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो. बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी दाखवा.

लकव्याचं जालीम औषध देणारी गावं सगळ्यांना माहीत असतात. तिथे जाणाऱ्यांची श्रद्धा मी समजू शकतो, पण पहिले साडेचार तास त्या रस्त्यावर घालवू नका, ही कळकळीची विनंती आहे. तेवढे तास पुन्हा मिळत नाहीत.

हे सगळं ऐनवेळी सुचत नाही, म्हणून आजच एक काम उरका. आपल्या तालुक्याच्या जवळच्या दोन-तीन रुग्णालयांना फोन करून विचारा : रात्री सीटी होतो का? लकव्याचं गुठळीचं इंजेक्शन देता का? आयसीयू आहे का? उत्तरं नंबरांसकट दाराच्या मागे चिकटवा. धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथेही हेच प्रश्न विचारून ठेवा.

दुसरी पायरी : फिट आली तर पाच मिनिटं शांत राहा

फिट म्हणजे मेंदूतल्या विद्युत्‌प्रवाहाचा थोडा वेळ उडालेला गोंधळ. बघणाऱ्याचं काळीज लकलकतं, पण बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. तुम्ही फक्त इजा होऊ द्यायची नाही. भोवतालची विळी, दगड, चूल बाजूला करा. डोक्याखाली उपरणं किंवा हात ठेवा. गळ्याजवळची बटणं सोडा. झटके मंदावले की कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल. दातांत चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा यांनी फिट थांबत नाही. ती आपल्या वेळेला थांबते आणि श्रेय कांद्याला मिळतं.

जमलं तर एकाने मोबाइलवर चित्रीकरण करावं. यात संकोच वाटतो, पण डॉक्टरच्या दृष्टीने तो एक मिनिटाचा व्हिडिओ अनेकदा महागड्या तपासणीपेक्षा मोलाचा ठरतो. मान कुठल्या बाजूला वळली, कोणत्या हातापासून सुरुवात झाली, डोळे उघडे होते की मिटलेले, यावरून फिटचा प्रकार कळतो. घेरी येऊन पडणं आणि फिट यांतला फरकही त्यातच दिसतो.

पाच मिनिटं उलटली, एकामागून एक फिट येऊन मधे शुद्ध आलीच नाही, आयुष्यातली पहिलीच फिट आहे, पाण्यात आली, डोक्याला मार लागला, किंवा बाई गरोदर आहे, तर लगेच दवाखाना. गरोदरपणातली फिट बीपी वाढल्यामुळे असू शकते आणि तिथे आई व बाळ दोघांच्या जिवाचा प्रश्न असतो. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना तापात येणारी छोटी फिट मात्र बहुतेक वेळा पुढे मिरगीत बदलत नाही. तरी पहिल्या वेळेला मूल दाखवावंच, कारण तापासोबत मेंदूज्वरही असू शकतो.

मिरगीचे सुमारे ७० टक्के रुग्ण योग्य गोळ्यांवर फिटमुक्त राहू शकतात. अडतं ते गोळी नेमाने घेण्यात. दोन महिने फिट आली नाही की गोळी बंद होते, उपासाच्या दिवशी चुकते, लग्नाच्या जागरणात राहून जाते. आणि नेमकी त्या रात्री फिट येते. साधारण दोन वर्षं किंवा जास्त काळ फिट नसेल तर डॉक्टर गोळी हळूहळू कमी करण्याचा विचार करतात. ते आपल्या मनाने करायचं काम नाही. लग्न ठरलेल्या किंवा मूल हवं असलेल्या मुलीला व्हॅल्प्रोएट हे मिरगीचं औषध चालू असेल तर डॉक्टरांशी आधीच बोला, कारण ते गर्भाला अपायकारक ठरू शकतं. पण घाबरून परस्पर बंदही करू नका.

आपल्या भागात फिटचं एक कारण लोकांना पटत नाही : मेंदूतल्या अळ्या. डुकराच्या मांसातून फैलावणाऱ्या पट्टकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून शेतात, पाण्यात, भाजीपाल्यावर जातात. नीट न धुतलेल्या कोथिंबिरीतून किंवा मुळ्यातून ती पोटात गेली की अळी मेंदूपर्यंत पोचते. म्हणून कधी मांसाला हातही न लावलेल्या माळकरी बाईच्या स्कॅनमध्येही ती गोल गाठ सापडते. तशीच गाठ क्षयरोगाचीही असू शकते, त्यामुळे निदान तज्ज्ञाकडूनच व्हावं. जंताची गोळी स्वतः आणून खाऊ नका. अळ्या एकदम मेल्या तर मेंदूला सूज येते.

फिटच्या रुग्णाने एकट्याने विहिरीत किंवा तापीच्या पात्रात उतरू नये, चुलीपाशी एकटं बसू नये आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत मोटरसायकल चालवू नये. बाकी शाळा, शेती, नोकरी, संसार सगळं जमतं. मिरगी हे लग्न रद्द करण्याचं कारण हिंदू विवाह कायद्यातून १९९९ साली काढून टाकलेलं आहे. सोयरीक जुळवताना लपवाछपवी करण्यापेक्षा गोळ्यांची चिठ्ठी समोर ठेवून बोललेलं बरं, असं माझं ठाम मत आहे.

तिसरी पायरी : दिवसागणिक वाढत असेल तर वाट पाहू नका

ताप, डोकेदुखी, उलट्या आणि त्यासोबत असंबद्ध बोलणं, गुंगी किंवा ताठ मान असेल तर तो मेंदूज्वर असू शकतो. सलाइनच्या दोन बाटल्या लावून घरी परतू नका. पावसाळ्यात लहान मुलांमध्ये चांदीपुरा विषाणूचाही विचार करावा लागतो. हा विषाणू १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावी सापडला. वाळूमाशी तो पसरवते, २०२४ मध्ये शेजारच्या गुजरातेत त्याची साथ होती, आणि नंदुरबारची सीमा गुजरातला लागून आहे. यात सकाळी तापलेलं मूल संध्याकाळपर्यंत बेशुद्ध होऊ शकतं.

दोन्ही पायांत मुंग्या, मग जिना चढताना पाय लटपटणं, दोन-चार दिवसांत तीच कमजोरी हातांपर्यंत येणं; आधी एक-दोन आठवडे जुलाब किंवा सर्दी-खोकला झालेला. हे जीबीएसचं, म्हणजे गिलां-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचं चित्र. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात याची साथ आली तेव्हा हे नाव घराघरांत पोचलं. धोका श्वासाच्या स्नायूंचा असतो, म्हणून चालणं बिघडताच आयसीयू असलेलं रुग्णालय गाठा.

सकाळी चूळ भरताना पाणी गालातून गळतं, एक डोळा मिटत नाही, पण हातपाय धड आहेत. ही बहुधा चेहऱ्याच्या नसेची सूज. कपाळ बघा : त्या बाजूला आठ्याही पडत नसतील तर दोष नसेचा, आठ्या पडतात आणि फक्त तोंड वाकडं आहे, तर लकव्याचा संशय घ्या. नसेच्या सुजेत स्टेरॉइडच्या गोळ्या तीन दिवसांच्या आत सुरू झाल्या तर फायदा चांगला होतो. डोळ्यात थेंब घाला आणि झोपताना तो झाकून ठेवा. खात्री नसेल तर लकवा धरूनच पळा.

बाळंतिणीबद्दल जरा थांबून सांगतो. तिला पाणी मोजून देण्याची चाल काही घरांत अजून आहे. बाळंतपणात रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढलेलीच असते. त्यात पाणी कमी पडलं की मेंदूच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत डोकं दिवसेंदिवस जास्त दुखू लागलं, उलट्या झाल्या, अंधूक दिसलं किंवा फिट आली, तर त्याला "बाहेरचं" म्हणून अंगारा लावत बसू नका. शिरांचा स्कॅन करा. वेळेवर कळलं तर रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी बहुतेक बायका पूर्ण बऱ्या होतात. पाणी तिला मनसोक्त पिऊ द्या, चैत्र-वैशाखात तर जास्तच.

चौथी पायरी : हळूहळू येणाऱ्या आजारात आधी दुरुस्त होणारं शोधा

पायांना मुंग्या, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, अंधारात तोल जातो, थोडा विसरभोळेपणा. शुद्ध शाकाहारी घरांत हे बी१२ च्या कमतरतेने फार दिसतं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही बी१२ घटू शकतं. रक्ताची साधी तपासणी आणि इंजेक्शनं; पण फार उशीर केला तर नसांचं नुकसान कायमचं राहतं.

कंपवातात हात मांडीवर निवांत ठेवलेला असताना थरथरतो, चाल बारीक पावलांची होते, सही लहान होत जाते, चेहऱ्यावरचे भाव मावळतात. चहाचा कप उचलतानाच हात थरथरत असेल तर तो बहुधा वेगळा, कमी त्रासाचा कंप. कंपवाताच्या गोळ्या घड्याळाच्या काट्यावर आणि शक्यतो जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्याव्यात. डाळ, दूध, अंड्यातल्या प्रथिनांबरोबर त्या नीट शोषल्या जात नाहीत. चक्करेसाठी महिनोन्‌महिने घेतलेल्या प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन या गोळ्यांनीही कंपवातासारखी लक्षणं येतात. म्हणून आजोबांच्या सगळ्या गोळ्यांची पिशवी सोबत न्या.

स्मृतिभ्रंशात माणूस नुसती किल्ली विसरत नाही, किल्लीचं काय करायचं हेच विसरतो. रोजच्या रस्त्यावरून घर सापडत नाही. पैशांचा हिशेब चुकू लागतो. म्हातारपण म्हणून सोडून देण्याआधी बी१२, थायरॉइड, उदासीनता, आणि पडल्यानंतर मेंदूभोवती साचलेलं रक्त, एवढं तपासून घ्या. यांतलं काही सापडलं तर सुधारणा होऊ शकते. काळजी घेणाऱ्या सुनेलाही विसावा हवा असतो. मन फार जड झालं तर टेलि-मानसच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं.

डोकेदुखीविषयी थोडक्यात. अर्धशिशीत जीव जात नाही, दिवस मात्र वाया जातो. महिन्यात दहा-पंधरा दिवस दुखीची गोळी घेतली तर गोळीनेच डोकं दुखू लागतं, म्हणून रोखण्याचं औषध मागा. एका क्षणात घणाचा घाव बसल्यासारखं दुखलं, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालं किंवा दिसणं कमी झालं, तर उशीर नको. कुशीवर वळताच घर फिरू लागतं ती चक्कर बहुधा कानाची असते, आणि डोकं विशिष्ट पद्धतीने वळवण्याच्या एका साध्या प्रक्रियेने कान-नाक-घशाचे डॉक्टर ती दूर करू शकतात.

आपल्या मातीतले चार धोके

भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा कापणीवरचा मजूर असंबद्ध बोलू लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात. गाडी येईपर्यंत सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला, काखेत-जांघेत बर्फ ठेवा. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही.

कपाशीवर फवारणी करताना घाम, लाळ, उलट्या, बारीक झालेल्या बाहुल्या, स्नायू फडफडणं दिसलं तर औषध नसांवर चढलं आहे. कपडे काढून साबणाने अंग धुवा आणि औषधाची बाटली रुग्णालयात सोबत न्या. बरं वाटलं म्हणून दुसऱ्या दिवशी घरी आणू नका. एक ते चार दिवसांत मान आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात.

जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. खूण दिसो न दिसो, मण्यार चावल्याचा संशय घ्या. प्रतिसर्पविष आणि गरज पडली तर कृत्रिम श्वास, एवढाच उपाय आहे. साप चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्र-तंत्र करणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

नंदुरबारच्या भिल्ल-पावरा पाड्यांवर सिकलसेल (तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार) बरीच आढळते, आणि सिकलसेलच्या मुलांना लहान वयात लकवा येऊ शकतो. मूल एकाएकी लंगडू लागलं, बोलेनासं झालं, तर पडलं-झडलं म्हणू नका. सिकलसेल आहे हे डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा, कारण उपचार वेगळा असतो आणि त्यात रक्त बदलावं लागतं. २ ते १६ वयाच्या एसएस (आई-वडील दोघांकडून सिकलसेल आलेल्या) मुलांची मेंदूच्या वाहिन्यांची डॉप्लर तपासणी धोका आधीच दाखवते. २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान चालू आहे. आशाताईंकडे तपासणीची चौकशी करा.

घरी आणल्यावर

लकव्यानंतर सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात वेगाने होते. अंथरुणातला रुग्ण दर दोन तासांनी कुशीवर बदला, लुळ्या हाताला धरून उचलू नका (खांदा निखळतो), गिळणं तपासल्याशिवाय पातळ पदार्थ देऊ नका. फिजिओथेरपिस्ट परवडत नसेल तर रुग्णालयातून निघण्याआधी व्यायाम शिकून घ्या आणि व्हिडिओ काढून ठेवा. बीपीची गोळी आयुष्यभराची असते. बीपी नॉर्मल आलं ते त्याच गोळीमुळे. दिवसाचं मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवायचं तर शेव, पापड, बिबड्या आणि लोणचं रोजच्या ताटातून कमी करावं लागेल. तंबाखू, बिडी, गुटखा बंद.

एक वही करा. पहिल्या पानावर आजार, तारीख आणि सध्याच्या गोळ्या; पुढे प्रत्येक भेटीचा सल्ला. नाशिक, संभाजीनगर किंवा सुरतेला जायची वेळ आली तर अहवालाच्या कागदाबरोबर एमआरआयची फिल्म आणि सीडीही न्या, नाहीतर तपासणी पुन्हा करावी लागते. भरती होतानाच आरोग्यमित्राला (रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला) गाठून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का विचारा. बिल झाल्यावर विचारून उपयोग नसतो. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत कंपवात, मल्टिपल स्क्लेरोसिस, सिकलसेल आणि दीर्घकाळचे मेंदूविकारही आहेत. आधार कार्ड, फोटो आणि उपचाराची कागदपत्रं घेऊन यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी) ऑनलाइन अर्ज करा, मग दिलेल्या तारखेला जिल्हा रुग्णालयात तपासणीला जा. रुग्ण हलवण्यासारखा नसेल तर घरच्यांनी आधी जाऊन तिथे तसं सांगावं आणि काय सोय होईल ते विचारून घ्यावं.